गाडीच्या डिकीतला अँप (गाण्यांचा अँप्लिफायर) कोंढाळीपर्यंतच चालतो अन् मग बंद, पंखे लावू का?

बर्डीवाला_भाऊ (नागपूर)
राम राम मंडळी. गाडी स्विफ्ट २०१६ ची, पेट्रोल. दिवाळीत चार चॅनलचा अँप आणि १२ इंची वूफर (बेसचा मोठा स्पीकर) बसवून घेतला इथल्याच एका दुकानातून, हिवाळाभर मस्त वाजला, काही तक्रार नाही. एप्रिल लागला अन् याची नाटकं सुरू झाली. दर शनिवारी अमरावतीला सासुरवाडीला जातो, तर नागपुरातून निघालो की कोंढाळी येईस्तोवर चालते आणि मग एकदम सगळंच बंद, पुढचे स्पीकर पण बंद, अँपवर लाल लाइट. अर्धा तास बंद ठेवला की परत गाणं सुरू. हात लावला तर तव्यासारखा तापून राहिला. दुकानवाला म्हणे ऊन आहे भाऊ, दोन पंखे टाकून देतो, बाराशे रुपये. टाकू का?
अँप वूफरच्या बॉक्सच्या पाठीलाच स्क्रूनं मारलेला आहे आणि वरून डिकीचं कार्पेट ओढून घेतलंय म्हणजे दिसत नाही. डिकीत सामान असतेच, बायकोची बॅग, येताना सासूबाईंची लोणच्याची बरणी वगैरे.

सोल्डरकाका (नाशिक)
बाराशे रुपये खिशातच ठेव. तीस वर्षं टीव्ही आणि टेप दुरुस्त केलेत, गरम होणाऱ्या वस्तूला आधी पंखा लावणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. ताप आला की आधी कशानं आला ते बघायचं. अँप एबी क्लासचा आहे की डी? बॉक्सवर किंवा खालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. वूफर एका कॉइलचा की दोन? आणि गेनची बटणं आत्ता कुठे फिरवलेली आहेत, फोटो काढून सांग.
हिवाळ्यात चालला आणि आता बंद पडतोय याचा अर्थ हिवाळ्यात सगळं बरोबर होतं असा नाही. तेव्हा थंडी तुझी चूक झाकत होती.

मधुरा_के (पुणे)
काकांच्या शेवटच्या वाक्याचा हिशोब मांडते. बहुतेक अँप हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्या) ८० ते ८५ डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःला बंद करतात, ती लाल लाइट त्याचीच. डिसेंबरात तुमच्या डिकीत समजा ३० आहे, म्हणजे सिंक आणि हवा यांच्यात ५० डिग्रीचा फरक मिळतो. आता मे मध्ये गाडी उन्हात उभी, आतली हवा सहज ६० च्या वर जाते, फरक उरला २०. उष्णता त्या फरकावर वाहते, त्यामुळे तोच सिंक तेवढीच उष्णता टाकायला आता निम्म्याहून कमी लायक आहे. अँप तोच, गाणं तेच, फक्त हवा बदलली.
आणि एबी क्लास असेल तर अजून वाईट. गाणं ऐकताना अँप सरासरी पूर्ण ताकदीच्या बऱ्याच खाली चालतो आणि तिथे एबीची कार्यक्षमता फार पडते. स्पीकरला ६० वॅट द्यायला तो बॅटरीकडून दोनशेच्या घरात घेऊ शकतो, उरलेले १४० वॅट निव्वळ उष्णता. जुना १०० चा पिवळा बल्ब आठवतो का, तो पेटवून गोधडीखाली ठेवला असता का कुणी? तुमच्या कार्पेटखाली त्याहून मोठा आहे. डी क्लासवाला तेवढ्याच आवाजाला पंधरा-वीस वॅट गरम करेल, फारतर थोडा जास्त.

रंकाळा_राइडर (कोल्हापूर)
भावा ते बॉक्सवरनं आधी काढ, बाकी सगळं नंतर. १२ इंची वूफर दणका देतो तेव्हा बॉक्सची फळी थरथर कापत्या, बाटलीतलं पाणी ठेवून बघ वर, नाचतंय नुसतं. त्या कापणाऱ्या फळीवर अँप रोज दोन तास, आतले मोठे कपॅसिटर आणि कॉइल पायांवर उभे असतात, सोल्डरला बारीक चीर पडते मग कधी चालतंय कधी नाही. शिवाय स्क्रू ढिले होतात, आणि स्क्रूच्या भोकातनं बॉक्सची हवा गळते ते वेगळंच.
माझं काय झालं सांगतो. आमच्या इथल्या एकानं (नाव नको) बॉक्सवर नको म्हटल्यावर अँप थेट डिकीच्या पत्र्याला मारला. सेल्फ टॅपिंग स्क्रू, खाली काय हाय बघितलंच नाही. चार महिन्यांनी स्टेपनी काढाय गेलो तर स्क्रूची टोकं खाली आलेली आणि टायरच्या साइडवॉलला चारी बाजूनं नक्षी. नशीब टायरच होतं. सर्व्हिसवाल्यानं गाडी वर घेऊन दाखवलं, एका स्क्रूपासनं चार बोटांवर पेट्रोलची पाइप. तेव्हापासनं कुणी ड्रिल घेऊन डिकीत वाकला की मी आधी त्याच्यासंगं गाडीखाली जाऊन बघतो.

बर्डीवाला_भाऊ
बापरे. उद्याच स्टेपनी काढून पाहतो.
काका, एबी क्लास लिहिलंय. पुढच्या दोन चॅनलवर दारातले स्पीकर, मागचे दोन ब्रिज करून (म्हणजे एकत्र जोडून) वूफर. वूफरला मागं चार टर्मिनल आहेत, म्हणजे दोन कॉइल का? स्टिकरवर ४ ओहम + ४ ओहम. गेन दोन्ही पूर्ण फिरवलेले आणि बेस बूस्ट नावाचं बटण १२ वर. दुकानवाल्यानंच ठेवलंय, म्हणे फुल करून दिलं.

सोल्डरकाका
फुल करून दिलं! बरं. मल्टिमीटर आहे का कुणाकडे? अँपकडून बॉक्सकडे जाणाऱ्या दोन वायरी अँपमधून सोडव, आणि त्या दोन टोकांवर ओहम मोज. वाजत असताना नको, सगळं बंद करून. आकडा सांग, मग बोलतो.

सीएनजी_सखाराम (चाकण)
धाग्यात घुसतो, माफी. माझ्या वॅगनआरमध्ये डिकीत सीएनजीची टाकी आहे. फिटर म्हणाला टाकीच्या स्टँडवर दोन भोकं पाडून अँप बसवतो, जागा पण वाचते. चालेल का?

मधुरा_के
नाही, नाही आणि नाही. ते ब्रॅकेट टाकीचं वजन धरायला तपासून बसवलेलं असतं, त्याला एक भोकही पाडायचं नाही. टाकीच्या व्हॉल्व्हशेजारी आणि बाहेर जाणाऱ्या व्हेंट पाइपच्या जवळ पॉवर वायर, रिले, फ्यूज यातलं काहीच नको. तुमच्यासाठी पुढच्या सीटखाली बसेल असा लहान डी क्लास अँप बरा.

देवरुखचो_बाबू (रत्नागिरी)
सीटखाली म्हणताय ते तुमच्या घाटावर ठीक. आमच्याकडे जुलैत एसीची पाइप तुंबली, नाहीतर दाराचं रबर गेलं, तर पहिलं पाणी सीटखालीच साचतं आणि कार्पेट आठवडाभर ओलं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा मित्राचा सीटखालचा अँप गेला, अर्थात तेव्हा गाडीच गेली त्यामुळे अँपसाठी कोणी रडलं नाही. पण साध्या पावसाळ्यात पण जमिनीवर टेकवून ठेवू नका, बोटभर उंच घ्या. आणि एमडीएफ (दाबलेल्या भुशाची फळी) वापरू नका, दोन पावसात पापडासारखा फुगतो. मरीन प्लाय घ्या.

मधुरा_के
बाबूचं बरोबर, त्यात माझं थोडं. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावायचा नाही, ती एअरबॅग आणि सीटबेल्टच्या प्रिटेन्शनरची (धडकेत पट्टा ताणणाऱ्या यंत्राची) वायरिंग असते, बॅटरी चालू असताना ओढाताण केली तर निदान एअरबॅगची लाइट तरी लागतेच. सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा रेल कुठे वायर चावत नाही ना. आणि बऱ्याच गाड्यांत मागच्या प्रवाशांच्या पायाला हवा देणारा डक्ट पुढच्या सीटखाली उघडतो. उन्हाळ्यात अँपला फुकट एसी, पण महाबळेश्वरला हीटर लावला की तीच भट्टी.
ईव्हीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच, नारिंगी आवरणाची केबल दिसली की तिथून मागे फिरा.

बर्डीवाला_भाऊ
मोजलं. १.८ येऊन राहिलं. मीटर खराब नाही, दोनदा पाहिलं. तारा एकमेकीला टेकवल्या तर ०.१ दाखवते.
अन् स्टेपनी काढली. दोन स्क्रूची टोकं खाली आलेली आहेत, बॉक्स हलू नये म्हणून पट्टी मारली होती त्याची. टायर वाचला पण स्क्रूभोवती गंज धरलाय.

सोल्डरकाका
सापडला चोर. आता नीट वाच.
४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवते. तुला १.८ आला म्हणजे दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्यात, २ ओहमचा लोड. दोन चॅनल ब्रिज केले की प्रत्येक चॅनलला त्याच्या निम्मा लोड दिसतो. म्हणजे तुझा अँप बिचारा प्रत्येक चॅनलला १ ओहमवर राबतोय. अँपच्या पाठीवर वाच, ब्रिजला किमान ४ ओहम असं लिहिलेलं असणार. लोड अर्धा केला की करंट दुप्पट मागतो, तो करंट आतल्या मॉस्फेटमधून (मोठ्या ट्रान्झिस्टरमधून) जातो आणि मॉस्फेट सिंकला चिकटलेले असतात, मग तवा होणार नाही तर काय.
दोन कॉइल सिरीजमध्ये घे. पहिल्या कॉइलचं वजा दुसऱ्याच्या अधिकला जोड, उरलेली दोन टोकं अँपला. मीटरवर ७ च्या आसपास आलं पाहिजे. मग प्रत्येक चॅनलला ४ ओहम दिसेल, सुखाची नोकरी. आवाज थोडा कमी होईल, तुला वाटेल काका फसवतात. कर तरीही.
आणि ते बेस बूस्ट शून्यावर आण. १२ डेसिबल म्हणजे त्या सुरापाशी सोळापट ताकद मागणं, अँपकडे ती नसते, मग तो लाटेचा माथा कापून चपटा करतो. कापलेली लाट कॉइलला भाजते आणि अँपलाही. गेन हा व्हॉल्यूमचा भाऊ नाही, टेपमधून येणारा सिग्नल आणि अँप यांचं जुळवून घेण्याचं ते बटण आहे. टेपचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेव, गेन तळापासून वाढवत ने, आवाज फाटायला लागला की मागे घे आणि तिथे सोड.

रंकाळा_राइडर
नाद खुळा काका 🙏 आमचं पोरगं पण १२ वर ठेवतंय, दाखवतो त्याला.
भाऊ वायर कसली टाकली ते पण बघ. किटमध्ये येत्यात त्या बऱ्याच सीसीएच्या, म्हंजे आत ॲल्युमिनियम वरनं तांब्याचा मुलामा. ४ गेज (जाडीचा आकडा, जेवढा कमी तेवढी तार जाड) लिहिलेलं असतं आणि आवरणच जाड, आत तार दोरीएवढी. ॲल्युमिनियम तांब्याएवढं करंट नेत नाही, व्होल्टेज पडतं. टोक सोलून चाकूनं खरवड, आत पांढरं दिसलं तर समजायचं.

बर्डीवाला_भाऊ
पांढरं 😐 अन् ८ गेज लिहिलंय. बॅटरीजवळ फ्यूजच नाही काका! पार मागं, अँपपासून वीतभर अंतरावर काचेचा एक फ्यूज आहे.

सोल्डरकाका
आजच्या आज बॅटरीवरून ती वायर सोडव. मी ओरडून सांगतोय असं समज.
बॅटरीजवळचा फ्यूज अँपला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत चार-साडेचार मीटर वायर पत्र्याच्या कडांवरून जाते, कुठेही आवरण घासलं आणि पत्र्याला टेकली की बॅटरी सगळा करंट त्यात ओतते, आणि मागचा फ्यूज खुशाल शाबूत. गाड्या जळतात त्या अशा. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, आणि तो वायरच्या जाडीला झेपेल एवढाच, अँपवर २००० वॅट छापलंय म्हणून मोठा नाही. इंजिनच्या पत्र्यातून आत येताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेचं रबराचं कडं) असलाच पाहिजे, हात घालून चाचपून बघ.

मधुरा_के
आणि अर्थ. पत्र्याचा रंग घासून लखलखीत करा, तिथे वायरच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बोल्ट, पॉवरच्याच जाडीची वायर आणि जेमतेम हातभर लांब. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो बोल्ट जीव वाचवायला आहे. झाल्यावर त्या घासलेल्या जागेवर परत रंगाचा हात द्या.

शारजाकर (शारजा)
मूळचा सांगलीचा. इकडे जुलैत ४८ होतं त्यामुळे या विषयात आमचं शिक्षण सक्तीचं. अनुभव दोनच. एक, अँप उलटा टांगू नका. ट्रेच्या खाली पोट वर करून लावला की दिसतो भारी, पण गरम हवा वर चढते आणि थेट आतल्या सर्किटवर जाऊन बसते, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दर १० डिग्रीला निम्मं होतं असा ठोकताळा आहे. उभा लावा, सिंकच्या पात्या वरखाली जातील असा, म्हणजे हवा त्या गल्ल्यांतून आपोआप वर निघते. दोन, उन्हातून गाडी काढली की पहिली दहा मिनिटं काचा खाली, एसी फुल, गाणी बंद. घरचे वैतागतात.

बर्डीवाला_भाऊ
वायर सोडवली. आता बसवायचं कसं ते सांगा, या वेळी मीच करतो. सीटच्या पाठीला मारू का? तिथं उभा राहते.

रंकाळा_राइडर
सीटच्या पाठीला लावत्यात बरेच, पण सीट पाडली की वायरी ताणत्यात, आणि लांब स्क्रू फोममधनं पोराच्या पाठीत. बॉक्स आणि सीटच्या मधी उभी फळी टाक. १२ एमएम मरीन प्लाय, खाली एल पट्टीनं गाडीत आधीच असलेल्या बोल्टांना धर, नवीन भोक नकोच. प्लायला मागनं टी नट (लाकडात रुतून बसणारा नट) ठोक आणि अँप मशीन स्क्रूनं, लाकडी स्क्रू ढिला पडतोय. अँप आणि फळीत बोटभर फट ठेवायची, मी पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून घातलेत, त्याखाली रबरी वॉशर. लाकडावर असल्यानं अँपची बॉडी पत्र्याला टेकत नाही, त्यामुळं इंजिनासंगं वाजणारी ती कुईंऽऽ शिट्टी पण टळते बऱ्याचदा. तीन-चार किलोचा डबा हाय, अचानक ब्रेक मारला तर उडता कामा नये, जरा धरून ओढून बघ.

मधुरा_के
सगळ्या बाजूंनी निदान चार बोटं मोकळी. सामान येऊन चिकटू नये म्हणून पुढे जाळी लावा, पत्रा किंवा काच नको. आणि मोजा! हाताला तवा वाटणं म्हणजे मोजमाप नाही, पन्नासलाच हात मागे येतो. इन्फ्रारेड बंदूक एसी मेकॅनिककडे असते. कोविडात घेतलेली कपाळाची चालणार नाही, ती तापाच्या वर काही दाखवत नाही. चकचकीत ॲल्युमिनियमवर आकडा कमी येतो, म्हणून सिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर रोखा.

बर्डीवाला_भाऊ (११ दिवसांनी)
झालं एकदाचं. तांब्याची ४ गेज, बॅटरीपासून एक फूटावर ८० चा फ्यूज. ग्रोमेट नव्हताच, वायर पत्र्याच्या कडेवर टेकली होती अन् आवरणावर दातानं चावल्यासारखी खूण पडलेली. पाहून पोटात गोळा आला. कॉइल सिरीजला घेतल्या, मीटरवर ७.१. गेन अर्ध्याच्याही खाली बसला, बूस्ट शून्य.
आवाज कमी झाला म्हणाल तर पहिल्या दिवशी वाटला. मग लक्षात आलं की आधी नुसतं धपधप होतं, आता ढोलकी वेगळी ऐकू येते.
कालच्या शनिवारी गेलो, दुपारी दोनला निघालो मुद्दाम. कोंढाळीला थांबून बंदूक मारली, ५६. तळेगावला ६१. तिवसा ओलांडलं तरी चालूच होता. पंखा नाही बरं अजून.

सोल्डरकाका
शाब्बास. आता हौस असेल तर पंखा लाव, आता त्याला अर्थ आहे. कॉम्प्युटरचे ८० एमएमचे दोन, १२ व्होल्टचे, एक खालून पात्यांच्या गल्लीत हवा ढकलणारा आणि एक वरून ओढणारा. समोरून सपाट पाठीवर वारा घातला की नुसती धूळ बसते. करंट रिमोटच्या निळ्या वायरवरून (टेप लावला की अँप चालू करते ती) घेऊ नकोस, ती फक्त इशारा द्यायला असते, टेपचं आउटपुट जळेल. रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) घे, त्याच्या पायांवर आकडे असतात. निळी वायर ८६ ला, ८५ अर्थला, ३० ला छोट्या फ्यूजमधून १२ व्होल्ट, ८७ वरून पंखे. रिलेच्या कॉइलवर वन एन ४००७ डायोड आडवा, पट्टीचं टोक ८६ कडे. नेहमी फिरायला नको असेल तर केएसडी ३०१ नावाचा थर्मल स्विच मिळतो, नाण्याएवढा, ४५ डिग्रीचा घे आणि सिंकवर पेस्ट लावून बसव.

बर्डीवाला_भाऊ (४ दिवसांनी)
काका स्विच लावला पण उलटंच करून राहिला. गाडी थंड असली की पंखे फिरतात अन् अँप गरम झाला की बंद होतात 😭

सोल्डरकाका
नॉर्मली क्लोज दिला तुला, म्हणजे थंड असताना जोडलेला. नॉर्मली ओपन मागायचा होता, माझं सांगायचं राहिलं. चाळीस रुपयांची चूक, माझ्या नावावर लिही.

सीएनजी_सखाराम
माझा सीटखाली बसला, डी क्लास. तास दीड तास वाजवून हात ठेवला, कोमट. फिटर नाराज आहे.

बर्डीवाला_भाऊ
बदलून आणला, आता बरोबर फिरते. बाराशेचं काम तीनशे ऐंशीत झालं, पेट्रोल सोडून. बायको म्हणते गाणं बंद असलं की मागून भुंग्यासारखा आवाज येते.

रंकाळा_राइडर
स्टेपनीच्या खड्ड्यातल्या त्या दोन भोकांचं काय केलंस?

बर्डीवाला_भाऊ
अरे हो. स्क्रू काढले, गंज घासला, एमसील भरलं, वरून रेड ऑक्साइडचे दोन हात. वाळून राहिलं, म्हणून आज स्टेपनी सासूबाईंच्या व्हरांड्यात.